मुख्याध्यापक ट्रेनिंगने घडतो की खुर्चीत बसल्यावर?

खडूवाली:
मागच्या जूनमध्ये आमचे मोठे गुरुजी रिटायर झाले आणि ज्येष्ठता यादीत पुढचं नाव माझं, म्हणून चार्ज माझ्याकडे. प्रभारी. म्हणजे वर्गही माझाच आणि चाव्याही माझ्याच. शिकवण्याचा अनुभव १७ वर्षं, पण कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही कशी लिहायची, पोषण आहाराचा तांदूळ रजिस्टरशी जुळेना तर काय करायचं हे कुणी म्हणजे कुणी शिकवलेलं नव्हतं. ते तरी जमलं, शेजारच्या शाळेतल्या सरांना फोन करकरून. फसले ते दुसरीकडेच. सहकारी बाईंचा गणिताचा तास बघायला मागे जाऊन बसले तर "माझी तपासणी घेता का" म्हणून आठवडाभर अबोला. डिसेंबरात पाच दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण मिळालं, त्यात एक अख्खा दिवस ह्याच्यावरच: तास बघताना बाई काय करतात ते नाही, मुलं काय करतात ते लिहा, आणि नंतर आधी त्यांनाच बोलू द्या. परत आल्यावर मी पहिल्यांदा माझाच तास त्यांना बघायला बोलावलं. आता त्या स्वतःहून बोलावतात. माझं म्हणणं एवढंच, हे चार्जच्या आधी का नाही?

टाचणवही:
ताई, तुमचं नशीब चांगलं, तज्ज्ञ बरे मिळाले. मी १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण केलं, २४ वर्षांनी निवडश्रेणीचं. हॉलमध्ये बसलेल्यातला प्रत्येक जण कशासाठी आलेला असतो? सर्टिफिकेट नाही तर श्रेणी नाही. सही, चहा, पीपीटी, सही. मी जे काय शिकलो ते आमच्या पहिल्या हेडसरांकडून, ते रोज परिपाठाआधी गेटवर उभे राहायचे आणि गैरहजर पोराच्या घरी संध्याकाळी स्वतः जायचे. हे कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे?

उकडीचामोदक:
@टाचणवही तुम्हाला तसे हेडसर मिळाले हे पण नशीबच ना! ज्याला पहिले साहेब चिडके मिळाले तो तेच शिकणार. आणि श्रेणीचं प्रशिक्षण नि नेतृत्वाचं प्रशिक्षण एकाच मापाने मोजू नका. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं वेगळं केंद्र आहे, त्यांच्या अभ्यासक्रमात सात भाग, प्रशासन त्यातला फक्त एक. बाकी स्वतःचा विकास, अध्यापन, टीम बांधणं, नवे प्रयोग, गावाशी भागीदारी वगैरे. आपल्याकडे मात्र मुख्याध्यापकांची मीटिंग म्हणजे यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरली का, आधार अपडेट झाले का, संपलं.

टाचणवही:
कागदावर सातच काय सत्तर भाग असतील हो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पण लिहिलंय, शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण, मुख्याध्यापकालाही तेवढंच. प्रत्यक्षात सरकारच्या दीक्षा ॲपवर व्हिडिओ लावून ठेवायचा आणि इकडे वह्या तपासायच्या. खोटं बोलतोय का मी?

खडूवाली:
नाही, मी पण तसेच तास भरलेत 😄 म्हणून तर म्हणते समोरासमोरचं हवं आणि नंतर कुणीतरी शाळेत येऊन बघायला हवं. आमच्या पाच दिवसांनंतर एकानेही फोन केला नाही, ती मात्र खरी बोंब.

गावकुस:
मी खाजगी अनुदानितला आहे. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका पदरचे पैसे भरून केली. अर्थसंकल्प, सेवानियम, सगळं कळायला लागलं. उपयोग? निर्णय संस्थाचालकच घेतात. मला सहावीच्या दोन तुकड्यांचं वेळापत्रक बदलायचं तरी बंगल्यावर जाऊन विचारावं लागतं. अधिकार नसताना ट्रेनिंग म्हणजे पोहायला शिकवून विहिरीला कुलूप.

उकडीचामोदक:
हे पटलं. पण उलट बाजू पण आहे, सेवानियम माहीत असलेल्या हेडला गुंडाळणं जरा अवघड जातं.

गावकुस:
तेवढं खरं. मागच्या महिन्यात एका बाईंची रजा अडवली होती, मी नियम काढून पुढे ठेवला, मिळाली. 'फार शिकलात' असं ऐकूनही घेतलं.

टाचणवही:
बरं @खडूवाली, तुमच्या त्या प्रशिक्षणात तास बघताना भरायचं नमुना पान दिलं असेल तर त्याचा फोटो टाका इथे. आमच्याकडे दोन नवीन शिक्षक आलेत, त्यांच्या वर्गात जायचं म्हणजे मलाच धाकधूक होते.