भोपाळचा कचरा पिथमपूरलाच का?

इंदूरवासी: काल इथे कोणीतरी लिहिलं, "घातक कचरा जिथे तयार होतो तिथेच जिरवतात, यात कसलं राजकारण". डोकं फिरलं वाचून. युनियन कार्बाइडचा, म्हणजे 1984 च्या वायुगळतीवाल्या कारखान्याचा, 337 टन कचरा भोपाळचा. आधी अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरात नाही म्हणाला. मग नागपूरजवळ, तर महाराष्ट्राने हात वर केले. जर्मनीची बोलणी फिसकटली. शेवटी जानेवारी 2025 ला 12 कंटेनर भरून रातोरात आमच्या इंदूरजवळच्या पिथमपूरला. ज्यांचा नकार कोणी ऐकत नाही त्यांच्या दारात गेला, बस.

केमिकलवाला: घातक कचरा जाळायची भट्टी तिथे होती म्हणून गेला! 2015 लाच 10 टन जाळून चाचणी झालेली, यावेळीही आधी 30 टन जाळून धूर मोजला, मर्यादेत निघाला, मग उरलेला जूनअखेर संपवला. भोपाळमध्येच पडू द्यायचा होता का?

इंदूरवासी: जमिनीखालचा अजून तिथेच आहे की, पाणी त्यानेच नासलंय.

नागपूरकर: "हात वर केले" म्हणजे काय हो? बरं झालं केले. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आम्हीच खातोय, वीज वापरणार मुंबई-पुणे, वर बुटीबोरीचं घातक कचऱ्याचं केंद्र पण आमच्याच गळ्यात.

पुणेकर: झालं सुरू विदर्भाचं रडगाणं. तळोजा, महापे, रांजणगाव कुठे आहेत? राज्यातल्या अशा चार केंद्रांतलं एकच तुमच्याकडे.

नागपूरकर: रडगाणं म्हणू नका. चारातलं एकतरी कोथरूडात आहे का ते सांगा!

पनवेलकर: तळोज्याला राहतो. रात्री दोनला वास सुटतो, पोरगी खोकत उठते, तक्रार केली की माणूस येतो दुसऱ्या दिवशी अकराला, तेव्हा वास गेलेला असतो, मग लिहून जातो की काही आढळलं नाही.

पुणेकर: वाईट आहे, मान्य. पण एमआयडीसी आधीची, फ्लॅट नंतरचे.

पनवेलकर: आणि गावं? ती एमआयडीसीच्याही आधीची. त्यांना कोणी विचारलं?

केमिकलवाला: ठीके, पिथमपूरच्या लोकांना विश्वासात घ्यायला हवं होतं, दोघांनी पेटवून घ्यायचा प्रयत्न करेपर्यंत वेळ यायला नको होती, एवढं मानतो. पण भट्टी कुठेतरी लागणारच. ती शहरात हवी असेल तर आधी स्वतःचा वॉर्ड सांगा.

इंदूरवासी: वॉर्ड नंतर सांगतो. जाळून झालेली राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त निघालीये, ती पुरायलाही पिथमपूरच काढलं होतं. यात भट्टीचा काय संबंध? खड्डा तर कुठेही खणता येतो.