छेत्रीचे गोल आणि दुबळे संघ

दादा, आपल्या भारतीय फुटबॉल संघाच्या सुनील छेत्रीनं फक्त दुबळ्या संघांवरच गोल केले, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. २००८च्या एएफसी चॅलेंज कप या आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला त्यानं ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक मारली, म्हणून तर आपण २७ वर्षांनी फुटबॉलच्या आशिया कपला गेलो. तिथं २०११ला दक्षिण कोरियाविरुद्धही त्याचा गोल आहे! आमच्या परभणीत मैदान म्हटलं की क्रिकेटच. तरी २०१८मध्ये त्यानं हात जोडून प्रेक्षकांना स्टेडियमवर बोलावलं, तेव्हा इथली फुटबॉलवाली पोरं हळहळली होती. पुढच्याच केनियाविरुद्धच्या मॅचला मुंबईत अंधेरीचं स्टेडियम भरलं. ६ जून २०२४ला त्याच्या निरोपाच्या मॅचला कुवेतविरुद्ध ०-० झालं अन् लई वाईट वाटलं. क्लबांनी गोल करणारे परदेशी स्ट्रायकर आणले, आपला घडवलाच नाही. म्हणूनच चाळिशीतल्या छेत्रीला २०२५मध्ये भारताच्या संघात परत बोलवावं लागलं.