सॅप येतं म्हणून प्लॅनर? डिस्टिलरीत आणि अमोनिया प्लँटवर हे चालणार नाही

राजारामपुरी_मेकॅनिकल
परवा इथं एकानं लिहिलं, "मेंटेनन्स प्लॅनरला वेगळं ट्रेनिंग कशाला? सॅप शिकवा, पंधरा दिवसांत पोरगं वर्क ऑर्डर काढायला लागतंय." सॅप म्हणजे कंपनीच्या कामांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, वर्क ऑर्डर म्हणजे त्यातून निघणारा कामाचा लेखी आदेश, आणि प्लॅनर म्हणजे दुरुस्तीचं काम आधी आखून देणारा. खाली बऱ्याच जणांनी "बरोबर" म्हणून टाकलं. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मशीन शॉपमध्ये लेथच्या कामाचं प्लॅनिंग चुकलं तर शिफ्ट वाया जाते. इथेनॉलच्या पंपाचं चुकलं तर माणसं जातात. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं भर थंडीतल्या दुपारीसुद्धा त्याची वाफ पेटण्याजोगी असते. हवेत ती तीन-साडेतीन टक्के झाली तरी पेट घेऊ शकते. अशा लाईनवर कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, ब्लाइंड (लाईन अडवणारी चकती) कुठल्या फ्लँजला, म्हणजे सांध्याला, टाकायचा, लाईन कुठून रिकामी करायची, गॅस टेस्ट कधी, गॅस्केट कुठलं, हे सगळं प्लॅनर लिहितो. त्या कागदाच्या भरवशावर फिटर नट सोडतो.

बॉयलर अटेंडंटला सरकारी परीक्षा आहे. वायरमनला परवाना लागतो. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या ४१ सी कलमात घातक पदार्थांच्या हाताळणीवर देखरेख करणाऱ्याला पात्रता आणि अनुभव हवा असं तेव्हा लिहिलं गेलं. त्याच बॉयलरची स्टीम लाईन उघडायचं प्लॅनिंग करणाऱ्याची मात्र कुणी परीक्षा घेत नाही.

माझं म्हणणं: आधी वर्षभर फिटर आणि ऑपरेटरबरोबर त्याच युनिटवर काम. मग ड्रॉइंग हातात घेऊन लाईनवर चालत तोंडी परीक्षा. पात्रता युनिटपुरतीच. अमोनियाचा पास झालेला डिस्टिलरीचं प्लॅनिंग करणार नाही. लाईनमध्ये बदल झाला की परत परीक्षा.

शिरोलीचा_फिटर
साहेब, कागदानं नट सुटत न्हाई. एका दूध प्लँटवर शटडाऊनला गेलो हुतो, नाव सांगत न्हाई. थंड करायच्या अमोनियाच्या लाईनला बॉल व्हॉल्व्ह बदलायचा हुता. प्लॅनरनं मटेरियल कोड टाकला, स्टोअरनं पितळी व्हॉल्व्ह काढून दिला. अमोनिया पितळ खातो, चिरा पडत्यात. मी तो परत पाठवला. प्लॅनर डिग्रीवाला, शिकलेला. मग पात्रता कुणाची तपासायची?

राजारामपुरी_मेकॅनिकल
दादा, ही गोष्ट तर माझीच बाजू मांडते. त्या दिवशी तुम्ही होता म्हणून निभावलं. तुमच्या जागी कंत्राटदाराचा नवा पोरगा असता तर त्यानं पितळी व्हॉल्व्ह बसवून सही केली असती. मी डिग्री मागतच नाही. अमोनियाला पितळ चालत नाही हे प्लॅनरला माहीत आहे का, हे आधी कुणीतरी तपासावं एवढंच मागतोय.

गोकुळशिरगाव_फौंड्रीवाला
वर्षभर नुसता शिकणारा माणूस कुणाला परवडतो ते सांगा. माझ्याकडं एकच माणूस प्लॅनिंग, स्टोअर आणि परचेस बघतो. शिकवून तयार केला की चाकणला जातो. धोका आम्हालाही आहे. भट्टीच्या कॉइलमधून पाणी गळून वितळलेल्या लोखंडात गेलं की कसा स्फोट होतो ते इथल्या प्रत्येक फौंड्रीला माहीत आहे. पण तुमचे नियम मोठ्या कंपन्यांनाच झेपतात आणि दंड आमच्यासारख्यांना बसतो.

ऊसपट्टा
खरं दुखणं कुणीच बोलत नाही. साखर कारखान्यात ज्याला मिलपासून बॉयलिंग हाऊसपर्यंत प्रत्येक लाईन पाठ आहे तो हंगामी कामगार. गाळप संपून पट्टा पडला की रिटेन्शनवर, म्हणजे थोड्याशा पगारावर, घरी. आणि ओव्हरहॉलिंगचं प्लॅनिंग कोण करतं? संचालकांचा पाव्हणा. त्याला बायपास कुठं आहे ते विचारा, ऑपरेटरकडं बघतो.

भोगावतीकाठ
शंभर टक्के. माझे वडील हंगामी म्हणूनच रिटायर झाले. साखर शिजवायच्या पॅनवरचा सगळा पाइपिंग त्यांना ठाऊक. एकदाही कुणी त्यांना ऑफ सीझनच्या मीटिंगला बोलावलं नाही.

टर्बाइन_हॉल
पाव्हणा, पाव्हणा काय लावलंय? मीसुद्धा ओळखीनंच लागलो. पण अख्खी ऑफ सीझन फिटरांच्या मागं फिरलोय, कंडेन्सरमध्ये उतरलोय. ६७ किलो प्रेशरच्या लाईनचं आयसोलेशन, म्हणजे ती बाकीपासून कशी तोडायची ते, मी झोपेत सांगीन. सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका.

ऊसपट्टा
तुम्ही शिकलात, चांगलं झालं. पण तुम्हाला शिकायला मिळालं, कारण तुम्ही परमनंट होता. हंगामीला ती संधी कुणी दिली? जास्त आवाज करू नका.

टर्बाइन_हॉल
आवाज तुम्ही चढवलाय. माझं नाव घेऊन कारखान्यावर राग काढू नका.

प्रोसेस_इंजिनिअर_कसबा_बावडा
पाव्हण्यांवरून भांडून झालं असेल तर मुद्द्यावर येऊ. पायपर अल्फा, उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८, १६७ मृत्यू. एकाच पंपाच्या दोन कामांचे दोन वेगळे परमिट (कामाच्या लेखी परवानग्या) होते, एक पंपाच्या दुरुस्तीचा, दुसरा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) काढल्याचा. रात्रपाळीला दुसरा ठाऊकच नव्हता, त्यांनी पंप चालू केला. फ्लिक्सबरो, इंग्लंडमधला रासायनिक कारखाना, १ जून १९७४, २८ मृत्यू. पाचवा रिॲक्टर काढून त्याला वळसा घालणारा २० इंची बायपास पाइप टाकला, त्याचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलेलं. वर्क्स इंजिनिअरची जागा तेव्हा रिकामी होती.

शिरोलीचा_फिटर
मॅडम, पायपरवर रात्रपाळीला सांगितलंच न्हाई, तो शिफ्टचा दोष. त्यात प्लॅनर कुठं आला? आणि समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचं हातकणंगल्यात काय?

प्रोसेस_इंजिनिअर_कसबा_बावडा
शिफ्टचा दोष होताच, ते मी नाकारत नाही. पण एका पंपाची दोन कामं एकमेकांना बांधणं हे प्लॅनिंगचंच काम आहे. आणि हातकणंगल्याचं म्हणाल तर डिस्टिलरीचा स्पेंटवॉश डायजेस्टर घ्या, म्हणजे तिथलं सांडपाणी कुजवायची बंद टाकी. मॅनहोल उघडून गाळ काढायचं काम. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड. हायड्रोजन सल्फाइड साधारण १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १००) झाला की नाक बधिर होतं, म्हणजे वास गेला म्हणून गॅस गेला असं समजून माणूस उतरतो. त्याच्या मागं वाचवायला दुसरा उतरतो. हवा मारणारा ब्लोअर, माणूस वर ओढायचा ट्रायपॉड, बाहेर थांबणारा माणूस आणि दर थोड्या वेळानं गॅस टेस्ट हे वर्क ऑर्डरमध्येच नसेल, तर त्या सकाळी स्टोअरमधून ब्लोअर कोण आणणार? मी अशी वर्क ऑर्डर पाहिली आहे, तिच्यात एकच ओळ होती: "डायजेस्टर साफसफाई, चार मजूर." ती वाचून माझे हातपाय गार पडले होते. तिथल्या तिथं काम थांबवलं.

गोकुळशिरगाव_फौंड्रीवाला
डायजेस्टरचं पटलं. माझ्याकडं डायजेस्टर नाही, पण कॉइलच्या पाण्याच्या लाईनचं काम आहे. वर्ष परवडणार नाही. भट्टीपुरतं तीन महिने आणि तुमची ती चालत घ्यायची परीक्षा, एवढं आमच्या वसाहतीतल्या पाच-सहा फौंड्र्यांनी मिळून केलं तर जमेल. पण तयार झालेला माणूस पळवायचा नाही, हे आधी सगळ्यांनी कबूल करावं.

राजारामपुरी_मेकॅनिकल
भट्टीपुरते तीन महिने चालतील. अमोनिया आणि इथेनॉलला मी वर्षाच्या खाली येणार नाही.

शिरोलीचा_फिटर
बरं. परीक्षा घ्या, माझी ना न्हाई. पण परीक्षा घेणाऱ्यांत फिटर पायजे, आणि फिटरनं नापास केला तर मॅनेजरनं पास करायचा न्हाई. हे लिहून देत असाल तरच.

ऊसपट्टा
आणि हंगामी माणसाला त्या परीक्षेला बसता येणार का? डिप्लोमाची अट घातली तर मी विरोधातच आहे.

राजारामपुरी_मेकॅनिकल
डिप्लोमाची अट नाही. लाईन दाखवता आली, ड्रॉइंग वाचता आलं, आयसोलेशन लिहिता आलं की बसायचं. ऑफ सीझनला त्यांना पूर्ण पगारावर बोलवून हीच परीक्षा घ्यावी, असं मी आमच्या सेफ्टी कमिटीला लेखी देतोय. तुमच्या कारखान्यात कामगार प्रतिनिधी असतील, तुम्ही तिथं द्या.