एनिग्मा फुटलं म्हणून अटलांटिक जिंकलं?

एनिग्मा या जर्मन यंत्राचे गुप्त संदेश फोडल्यामुळेच दोस्त राष्ट्रांनी दुसऱ्या महायुद्धातली अटलांटिक महासागराची लढाई जिंकली, असं म्हटलं जातं; हे मत मला अर्धंच पटतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी चार चक्रांचं एनिग्मा यंत्र वापरायला घेतलं आणि ब्लेचली पार्क हे ब्रिटिशांचं संदेश फोडणारं केंद्र जवळपास दहा महिने आंधळं झालं. उलट ब्रिटिश मालवाहू जहाजांच्या काफिल्यांचे संदेश जर्मन वाचत होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो!

मार्च १९४३ मध्ये एचएक्स-२२९ आणि एससी-१२२ या दोन काफिल्यांतली मिळून २२ जहाजं बुडाली. डिसेंबर १९४२ पासून संदेश पुन्हा फुटू लागले होते, पण नेमकं या लढाईच्या दिवसांत ब्लेचली पार्क पुन्हा काही काळ आंधळं झालं होतं. मग मे महिन्यात असं काय झालं, की ४१ जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या आणि २४ मेला जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झने उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली?

माझ्या मते विमानं. ग्रीनलंडच्या दक्षिणेला समुद्राचा एक पट्टा असा होता, जिथे किनाऱ्यावरून उडालेलं विमान पोचतच नसे. पाणबुड्यांचे कळप तिथेच दबा धरून बसत. लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं आल्यावर तो आसरा गेला. खरं तर ती आधीच देता आली असती, पण हवाई दलातल्या बॉम्बफेकीवाल्यांना जर्मन शहरांवरचे हल्ले जास्त महत्त्वाचे वाटत होते. सोबत सेंटिमीटर लहरींचं रडार आलं, त्याची चाहूल पाणबुड्यांवरच्या यंत्रांना लागत नसे.