मदत हवी आहे: दोरीवर डबल अंडर तीनच्या पुढे जात नाहीत

सांजवारा
ट्रेडमिल आणि तेच ते डंबेल यांचा पार वीट आला, म्हणून दोरी घेतली. साध्या उड्या सलग १०० होतात. डबल अंडर (एका उडीत दोरी पायांखालून दोनदा) मात्र ३ झाले की चौथ्याला दोरी अडकतेच. रोज २० मिनिटं हेच करतेय, पाच आठवडे झाले. सगळे सांगतात उंच उडा. उंच उडतेय, तरी तेच. काय चुकतंय ते कृपया लवकर सांगा, आता धीर सुटत चाललाय.

पोटरीपुराण
दोरी कसली? लांबी किती? खाली फरशी, लाकूड की रबराची मॅट? आणि अडकते म्हणजे नेमकी कुठे, बोटांपुढे की टाचांमागे? हे कळल्याशिवाय कोणीही अंदाजच बांधणार.

सांजवारा
दोरी साधीच आहे, तारेची. लांबी मोजलेली नाही, पाकिटातून काढली तशीच वापरते. अडकते पुढे, बोटांवर.

गुडघेजपा
कंटाळाच घालवायचा असेल तर डबल अंडरचा हट्ट कशाला? बेअर क्रॉल करा. हात खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली आणि जमिनीपासून जेमतेम ३-४ सेंमी वर. उजवा हात आणि डावा पाय एकदम पुढे, मग उलट. पाठीवर पाण्याने भरलेला पेला ठेवलाय असं समजून चाला. बहुतेकांची कंबर वर जाते आणि पावलं लांब पडतात, मग पोटावर कामच येत नाही. ३० सेकंद चाल, ३० सेकंद आराम, असे ६ फेरे. उपकरण काही लागत नाही.

सांजवारा
क्रॉल नक्की करून बघेन, पण प्रश्न दोरीचा आहे.

झपाझप
टबाटा पद्धतीने करा. २० सेकंद जोरात, १० सेकंद थांबा, ८ फेरे. चार मिनिटांत काम होतं.

लयकारी
झपाझप, ज्याला तंत्रच जमत नाहीये त्याला हे देऊ नका. टबाटाच्या १९९६ च्या मूळ प्रयोगात लोक स्थिर सायकलवर होते आणि जोर कमाल प्राणवायू-क्षमतेच्या (शरीर जास्तीत जास्त प्राणवायू वापरतं त्या पातळीच्या) १७० टक्के इतका होता. सायकलवर पाय अडकत नाहीत. इथे दर चौथ्या उडीला थांबावं लागतं, त्यामुळे तो जोर येणारच नाही. वर दमलेल्या हातांनी चुकीची सवय पक्की होईल.

जाडदोर
खरा उपाय म्हणजे वजनदार दोरी, पाव किलोच्या आसपासची. हलकी तार कुठे आहे ते हाताला कळत नाही. जड दोरी प्रत्येक फेरीत जाणवते, ठेका आपोआप बसतो.

लयकारी
साध्या उड्यांचा ठेका बसवायला जड दोरी चांगली, हे मान्य. पण डबल अंडरला दोरीचा वेग लागतो आणि जड दोरी तेवढ्या वेगाने फिरवायला लोक खांदे वापरायला लागतात. नेमकी तीच खोड नंतर सुटत नाही. दोरी जाणवायलाच हवी असेल तर मण्यांची घ्या. आकार धरून राहते आणि जमिनीवर टकटक वाजते, कानाने ताल पकडता येतो.

जाडदोर
मण्यांची दोरी डबल अंडरला तारेपेक्षा हळू फिरते, हेही लिहा की.

लयकारी
हो, हळू फिरते. ती शिकण्यापुरतीच.

सांजवारा, तुमचं दुखणं बहुधा लांबीत आहे. दोरीच्या मध्यावर एक पाऊल ठेवा आणि दोन्ही टोकं ताणून वर घ्या. दोरीच्या मुठींची (हँडलची) वरची टोकं काखेपर्यंत आली तर शिकणाऱ्यासाठी ठीक. खांद्याच्या वर गेली तर दोरी फार लांब आहे. लांब दोरीचा ढिलेपणा खाण्यासाठी हात नकळत बाजूला पसरतात. हात पसरले की फिरवण्याचं काम मनगटाकडून खांद्याकडे जातं आणि दुसरा फेरा उशिरा येतो. दमल्यावर ते आणखी पसरतात, वरही उचलले जातात, आणि तीच लांब दोरी पायापाशी तोकडी पडून बोटांवर बसते. म्हणून तीन होतात, चौथा होत नाही. अशा वेळी उंच उडून फायदा नाही, उलट दम लवकर जातो. डबल अंडरला साध्या उडीपेक्षा थोडीच जास्त उंची लागते, वीतभरसुद्धा नाही.

पोटरीपुराण
+१. आणि रोज २० मिनिटं थांबवा. आठवड्यातून तीन-चार दिवस, एका वेळी १० मिनिटं पुरे. नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं तर तेवढे दिवस उड्या बंद. काँक्रीटवर उडू नका, सांध्यांना त्रास आणि तारेचं आवरणही झिजतं.

निवांतवाचक
याने वजन किती कमी होतं?

गुडघेजपा
मिनिटाला १००-१२० साध्या उड्यांना ११.८ मेट धरतात, म्हणजे शांत बसलेल्या शरीराच्या ११.८ पट ऊर्जा. ६० किलोच्या माणसाला मिनिटाला साधारण १२ किलोकॅलरी. पण हे सलग उड्यांचं गणित आहे. अडखळत केलेल्या सरावाला लावू नका.

सांजवारा
मोजलं. दोरी ३०५ सेंमी, माझी उंची १६३. मुठी खांद्याच्या बऱ्याच वर जातात! किती कापू?

लयकारी
मुठी सोडून दोरी उंची अधिक ९० सेंमी, म्हणजे तुम्हाला २५३ च्या आसपास. पण एकदम कापू नका, कापलेली तार वाढत नाही. मुठीजवळचा स्क्रू सैल करा आणि आधी २७५ वर आणा, दोन दिवस उडा, मग २६५, मग २५५. दोन्ही बाजूंनी सारखं कमी करा. स्क्रूबाहेर राहिलेलं शेपूट तेवढं छाटा, नाहीतर फिरताना हाताला लागतं.

दरम्यान दोरीशिवाय हा सराव: उडी मारा आणि हवेत असतानाच मांड्यांवर दोन झटपट चापट्या. १० उड्यांचे ३ संच. मग दोरी घेऊन दोन साध्या, एक डबल, दोन साध्या, एक डबल. हे १० वेळा न अडकता जमलं की एक साधी, एक डबल. सलग त्यानंतर. हात कमरेच्या किंचित पुढे, नजर समोर ठेवूनही डोळ्यांच्या कडेला दिसतील इतके. कोपरं बरगड्यांजवळ.

सांजवारा
दहा दिवसांनी सांगतेय: २६० वर आणली, सलग ८ झाले! आता पुढे अडकत नाही, पण नववीला टाचांमागे लागते.

लयकारी
छान! आता गुडघे दुमडून पाय मागे जात आहेत, म्हणून दोरी टाचांना गाठते. भिंतीकडे पाठ करून, टाचा भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून, दोरीशिवाय उडा. टाच भिंतीला लागली की चूक कळते. पाय सरळ खाली, उतरणं चवड्यांवर. आणि २५५ ला इतक्यात जाऊ नका, हे सुधारेपर्यंत २६० च ठेवा.