अमेरिकेतले जुने 'कॉइन सिल्व्हर'चे चमचे : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. मागच्या महिन्यात जवळच्या गावातल्या एका इस्टेट सेलमधून (एखाद्या घरातलं सगळं सामान विकायला काढतात ती विक्री) चांदीचे सहा छोटे चमचे आणले. दांडीच्या मागे 'प्युअर कॉइन' असा ठसा आहे. शेजारी एक नाव आहे, पण त्याची शेवटची तीनच अक्षरं लागतात. पुढच्या बाजूला हाताने कोरलेली वळणदार आद्याक्षरं आहेत.

मला भुरळ पडली ती त्यांच्या झिजेची. सहाही चमचे टोकाशी डाव्या अंगाला जास्त झिजलेत. उजव्या हाताने ढवळून, खरवडून ते इतके झिजायला किती वर्षं लागली असतील!

कॉइन म्हणजे हजारात नऊशे भाग चांदी आणि स्टर्लिंग म्हणजे ९२५, एवढं कळलं. चांदीची भांडी करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांपैकी गोरमने १८६८ साली कॉइन सोडून स्टर्लिंग धरलं, टिफनीने त्याच्याही आधी. म्हणून हे चमचे साधारण १८३० ते १८६५ मधले असावेत असा माझा अंदाज आहे.

आता चूक सांगते. एक चमचा मी दागिन्यांच्या दुकानात पॉलिशला दिला. त्यांनी तो थेट बफिंगच्या चाकावर धरला. आरशासारखा लखलखीत होऊन आला, पण अक्षरांवरून बोट फिरवलं तर काही लागतच नाही. 'डब्ल्यू'ची शेवटची बारीक रेघ तर गेलीच. बाकीच्या पाचांवर तीच रेघ अजून काळी आणि ठसठशीत आहे. फार जिवाला लागलं.

तर हे पाच कसे साफ करू? आई म्हणते, देवाची चांदी आपण रांगोळीने घासतो तशी घास. इथल्या मैत्रिणी अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचं गरम पाणी सांगतात. रोज चहाला वापरले तर चालतील का? आणि ठशातलं नाव कारागिराचंच असतं ना?

प्रतिसाद :

ताई, रांगोळी अजिबात नको, ओरखडे पडतात. फॉइल-सोड्याने कोरीव रेघांमधला काळेपणाही निघून जातो, आणि अक्षरं उठून दिसतात ती त्यामुळेच. खडूची अगदी बारीक पूड पाण्यात कालवून सुती कापडाने हलक्या हाताने पुसा, तेही क्वचितच. रबरबँड लावून ठेवू नका, रबरातल्या गंधकाने काळे पट्टे पडतात.

चहाला खुशाल वापरा, वापरातली चांदी कमी काळवंडते. अंडं आणि मीठ मात्र लांब ठेवा आणि डिशवॉशरमध्ये घालू नका.

नाव कारागिराचंच असेल असं नाही. विकणारे दुकानदारही आपलं नाव ठोकून घेत. इंग्लंडसारखी सरकारी तपासणी अमेरिकेत नव्हती. बाल्टिमोरमध्ये तेवढी १८१४ ते १८३० या काळात होती. त्यामुळे गरुड, तारा असले ठसे दिसले तरी त्यावरून शुद्धतेची खात्री धरू नका. नावाचा फोटो तिरप्या उजेडात काढून इथे टाका, आणखी अक्षरं लागतील.

धागाकर्ती :

मनापासून आभार. खिडकीशी धरून पाहिलं, तर आणखी दोन अक्षरं दिसली! संध्याकाळी फोटो टाकते. घासून आणलेला चमचाही त्याच डब्यात, बाकीच्या पाचांसोबतच ठेवला आहे.