नववीत इंजिनिअरिंग डिझाइन घेतलंय, सुट्टीत काय तयारी करून घ्यावी?

चारुता: लेक सप्टेंबरपासून नववीत (न्यू जर्सी). 'प्रोजेक्ट लीड द वे' (शाळांना इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम पुरवणारी संस्था) यांचा 'इंट्रोडक्शन टू इंजिनिअरिंग डिझाइन' घेतलाय. आम्ही दोघंही पुण्यात इंजिनिअरिंग शिकलो, तेव्हा ड्रॉइंग घरीच शिकवावं म्हणतोय. कॅडचा (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचा) क्लास लावावा का?

लंबरेषा: ड्रॉइंग जरूर शिकवा, पण वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची चित्रं कागदावर मांडायची आपण शिकलो ती पद्धत फर्स्ट अँगल होती. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो. आपण टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली काढतो, तिथे तो वर येतो. उजवीकडून दिसणारं आपण डावीकडे काढतो, तिथे उजवीकडेच. सवय एकदा लागली की मोडणं अवघड, म्हणून पहिल्या दिवसापासून थर्ड अँगलच. आयसोमेट्रिक (तिरक्या कोनातून तिन्ही बाजू दाखवणाऱ्या चित्रासाठीचा) ठिपक्यांचा कागद आणा, रोज एक ठोकळा पट्टी न वापरता हाताने काढायला लावा. क्लासची गरज नाही.

सुतारपक्षी: या विषयात बहुधा लाकडी कोडं करायला देतात: पाऊण इंची 27 ठोकळे, ते चिकटवून 5 तुकडे, ते जुळवले की 3×3×3 चा घन. कॅडमध्ये छान बसतं, हातात अडतं. कारण ठोकळा नेमका 0.750 इंच नसतो. प्रत्येकी 0.015 जास्त असला तर तीन ठोकळ्यांत 0.045 वाढतात, आणि शेवटचा तुकडा आत जातच नाही. आधी सगळे ठोकळे कॅलिपरने (जबड्यात धरून बारीक माप घ्यायचं साधन) मोजा (जबडे मिटवून शून्य तपासूनच), जवळच्या मापाचे वेगळे काढा. गोंद पातळ लावा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुसा. वाळलेला थेंबसुद्धा तुकडा अडवतो. काटकोनात ठोकलेल्या दोन पट्ट्यांच्या कोपऱ्यात दाबून चिकटवा, नाहीतर तुकडा तिरका होतो. जिथे लाकडाच्या रेषा संपतात ती बाजू गोंद शोषून घेते, तो जोड कच्चा राहतो. शक्य तिथे लाकडाच्या रेषा लांबीने दिसतात त्या बाजू जोडा. अर्धा तास दाब, मग रात्रभर हात लावू नका.

लंबरेषा: कॅडचं राहिलं. शाळा कुठलं सॉफ्टवेअर वापरते ते आधी विचारा. इन्व्हेंटर विंडोजवरच चालतं; ऑनशेप ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोमबुकवरही. रेषा निळी असेल तर ती अजून मोकळी आहे, तिचं माप आणि जागा ठरवून पूर्ण बांधली की काळी होते (फ्यूजन हे आणखी एक कॅड, आणि ऑनशेप, दोन्हीत). मुलं निळ्यावरच पुढे जातात, मग एक माप बदललं की अख्खी आकृती वेडीवाकडी होते. आणि डिझाइनच्या नोंदींची वही! शिवलेली घ्या, पेनाने लिहायचं, पानावर तारीख, चुकलं तर एकच आडवी रेघ. खोडरबर नको, पान फाडायचं नाही.

चारुता: फर्स्ट-थर्डचं लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार! थ्रीडी प्रिंटर घ्यावा का?

सुतारपक्षी: आत्ता नको, कॅलिपर घ्या. पुढे छापायची वेळ आली तर एवढंच: पाव इंची दांडीसाठी भोक 6.35 मिमीचंच काढलं तर दांडी जात नाही, छापताना भोक आकसतं. 6.6 ठेवा, आणि आधी नुसती भोकाची चकती छापून दांडी घालून बघा.